फुगा वर गेला, विज्ञान खालीच राहिले

मागच्या हिवाळ्यात नवी मुंबईतील एका शाळेच्या नववीच्या वर्गाबरोबर आम्ही सहलीला गेलो होतो. सहलीच्या पत्रकावर ‘विज्ञानसहल’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते आणि खाली उष्ण हवेच्या फुग्याचे रंगीत चित्र होते. आम्हाला ‘मार्गदर्शक शास्त्रज्ञ’ म्हणून बोलावले होते. मार्गदर्शन कसले करायचे हे शाळेने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. या लेखात जी टीका आहे, तिचा पहिला वाटेकरी आम्ही स्वतः आहोत हे आधीच सांगून टाकतो.

पहाटे साडेतीनला बस निघाली. द्रुतगती मार्गाने घाट चढून, उजाडण्याच्या आधी आम्ही एका मोकळ्या माळावर पोहोचलो. लोणावळा-कामशेतच्या पट्ट्यात हिवाळ्यात असे फुगे उडवले जातात हे पुष्कळांना ठाऊक असेल. वर्गाचा पट अठ्ठावन्न, पण आलेली मुले एकतीस. वर्गणी न परवडल्यामुळे उरलेली मुले त्या दिवशी शाळेत बसून राहिली. ठरल्याप्रमाणे प्रत्येक मुलाला दोरांनी बांधलेल्या फुग्यातून पाच-सात मिनिटे वर जायचे होते. चार फेऱ्या झाल्या, एकोणीस मुले वर जाऊन आली आणि सव्वाआठच्या सुमारास वारा वाढला. चालकाने लगेच उड्डाणे थांबवली. त्याचा निर्णय पूर्णपणे योग्य होता. बारा मुले मात्र हिरमुसली होऊन खालीच राहिली.

परतीच्या वाटेवर नाश्त्याला थांबलो, तेव्हा आम्ही मुलांना कोरे कागद वाटले आणि एकच प्रश्न दिला : ‘फुगा वर का गेला?’ नाव लिहायचे नाही, गुण नाहीत.

मुलांनी काय लिहिले

निम्म्याहून अधिक मुलांनी लिहिले की फुग्यात गॅस भरलेला असतो, म्हणून तो वर जातो. त्यांनी टोपलीतले सिलिंडर पाहिले होते, नळ्या पाहिल्या होत्या, बर्नरचा आवाज ऐकला होता. सिलिंडरमधला गॅस नळीतून फुग्यात जातो असा त्यांनी सरळ अर्थ लावला. आठ-दहा जणांनी पाठ असलेले वाक्य लिहिले : ‘गरम हवा हलकी असते म्हणून वर जाते.’ तिघांनी लिहिले की ज्योतीचा जोर खाली लागतो म्हणून फुगा वर ढकलला जातो, जसे अग्निबाणाचे होते तसे. ज्योत वरच्या दिशेने जात होती, हे त्यांनी डोक्यावर पाहिले होते; तरीही!

दोन कागद वेगळे निघाले. एकावर लिहिले होते : ‘फुगा आधीच पूर्ण भरलेला होता, तरी आडवा पडून होता. आग लावल्यावर उठला. म्हणजे भरल्यामुळे नाही, तापल्यामुळे.’ दुसऱ्यावर जवळजवळ हेच होते आणि पुढे एक प्रश्न होता : ‘पण तापल्यावर आतली थोडी हवा बाहेर गेली असेल ना सर?’

हे कागद कोणाचे, हे आम्ही नंतर विचारून घेतले. एका मुलीला घाटात गाडी लागली होती. त्यामुळे माळावर पोहोचल्यावर ती आणि तिची मैत्रीण बाहेर मोकळ्या हवेत उभ्या होत्या. बाकीची मुले बसमध्ये बसून वडापाव खात होती. त्या वीस-पंचवीस मिनिटांत माळावर काय चालले होते? कामगारांनी फुग्याचे कापड जमिनीवर पसरले, मोठा पंखा लावून त्यात थंड हवा भरली, फुगा गोल फुगला आणि जमिनीवर लोळत राहिला. मग चालकाने बर्नरची ज्योत तोंडातून आत सोडली. हळूहळू फुगा उठून उभा राहिला. या दोन मुलींना कामगारांनी फुग्याच्या तोंडाचे कापड धरायलाही दिले होते. त्या दोघी वर गेल्याच नाहीत. त्यांची पाळी येण्याआधीच वारा वाढला.

म्हणजे त्या सकाळी माळावर विज्ञानाचा एक उत्तम प्रयोग झाला होता. आकार तोच, हवा तीच, तापमान मात्र वेगळे. एकदा फुगा उठत नाही आणि एकदा उठतो. एकच घटक बदलून परिणाम पाहणे यालाच आपण प्रयोग म्हणतो. हा प्रयोग एकतीसपैकी दोघींनी पाहिला. बाकीच्यांना तो पाहायचा असतो हे आम्ही सांगितलेच नव्हते.

मुलांच्या चुकीला हसण्याचे कारण नाही. ज्यांनी हा फुगा शोधून काढला, त्या मोंगोल्फिए बंधूंचाही असाच समज होता. जून १७८३ मध्ये फ्रान्समधील आनोने येथे त्यांनी आपला फुगा जाहीरपणे उडवला, तेव्हा धुराबरोबर एक विशेष हलका वायू तयार होतो आणि तो फुग्याला उचलतो असे त्यांना वाटत होते. म्हणून ते ओला पेंढा आणि लोकर जाळून मुद्दाम दाट धूर करीत. फुगा बनवणाऱ्यांनाही फुगा का उडतो हे नुसते तो उडवून कळले नाही. मग पाच मिनिटे त्यात उभे राहणाऱ्या मुलांना ते आपोआप कळेल ही अपेक्षा आपण कशी करतो?

एका टोपलीत किती मुले?

आता थोडे गणित करू. हे गणित नववीच्या वर्गाला जमण्यासारखे आहे आणि सहलीच्या आधी फळ्यावर झाले असते, तर बराच मनस्ताप टळला असता.

मध्यम आकाराच्या फुग्याचे घनफळ सुमारे ३,००० घनमीटर धरू. २० अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीजवळ एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते. म्हणजे फुग्याने बाजूला सारलेली हवा झाली ३,६०० किलो. नायलॉनचे कापड टिकावे म्हणून आतल्या हवेचे तापमान साधारण १०० अंशांच्या आसपास ठेवावे लागते. फुग्याचे तोंड उघडे असल्यामुळे आतला दाब बाहेरच्या दाबाइतकाच राहतो. हवा प्रसरण पावते आणि काही भाग तोंडातून बाहेर जातो. केल्विनमध्ये तापमान २९३ वरून ३७३ झाले, की त्याच प्रमाणात घनता कमी होऊन सुमारे ०.९४ होते. आत उरलेली हवा भरते सुमारे २,८३० किलो.

हा आकडा मुलांना आवर्जून सांगावा. आतली गरम हवा पावणेतीन टनांहून जड आहे! ‘गरम हवा हलकी असते’ हे वाक्य किती अपुरे आहे ते इथे दिसते. ती हलकी आहे ती तेवढ्याच आकाराच्या थंड हवेपेक्षा. फुगा स्वतःहून वर ‘जात’ नाही. भोवतालची जड हवा त्याला वर ढकलते. पाण्यात बुचाला जे प्लावक बल उचलते, तेच इथे हवेत आहे. ३,६०० वजा २,८३० म्हणजे सुमारे ७७० किलो एवढा भार हा फुगा पेलू शकतो.

या ७७० किलोंतून कापड, टोपली, बर्नर आणि भरलेली सिलिंडरे यांचे सुमारे ४०० किलो वजा करा. उरले ३७०. चालकाचे ७५, बरोबरच्या शिक्षकाचे ६५. मुलांसाठी उरले २३०. पंचेचाळीस किलोची पाच मुले. सहाशे मीटर उंचीच्या पठारावर हवा सुमारे सहा टक्के विरळ असते. तिथे आणखी चाळीसेक किलो कमी होतात, म्हणजे एक मूल उतरवावे लागते किंवा शिक्षकांनी खाली राहावे. आणि हाच फुगा दुपारी ३५ अंशांत उडवायचा म्हटले तर? बाहेरची हवाच विरळ झाल्यामुळे एकूण भार सुमारे ६०० किलोंवर येतो. मग चालकाबरोबर दोनच माणसे.

उष्ण हवेचे फुगे पहाटे का उडवतात याचे अर्धे उत्तर या वजाबाकीत आहे. दुसरे अर्धे उत्तर असे, की ऊन चढले की जमीन तापून हवेत उलथापालथ सुरू होते आणि वारा वाढतो. म्हणजे हाताशी वेळ असतो सूर्योदयानंतर दोनएक तास. एका फेरीत चार-पाच मुले आणि चढणे-उतरणे धरून फेरीला पंधरा-वीस मिनिटे. साठ मुलांचा वर्ग एका सकाळी एका फुग्यातून वर जाऊच शकत नाही. व्यवस्था कितीही चोख ठेवली तरी हे गणित बदलत नाही. आर्किमिडीजचे तत्त्व आपण आठवीत ‘बल व दाब’ या पाठात शिकवतो. पण सहल ठरवताना ते आपल्यापैकी एकालाही आठवले नाही.

बांधलेला फुगा काय शिकवतो?

शाळांच्या सहलीत मुक्त उड्डाण बहुधा नसते. खर्च आणि जोखीम पाहता ते नसणेच ठीक. मुलांच्या वाट्याला येतो तो दोरांनी जमिनीला बांधलेला फुगा. पण यात एक मोठी गोम आहे.

फुग्यातून मिळणारा सर्वांत सुंदर धडा सापेक्ष गतीचा आहे. मुक्त फुगा वाऱ्याबरोबर वाऱ्याच्याच वेगाने जातो. त्यामुळे टोपलीतल्या माणसाला वारा लागत नाही. जमीन ताशी पंधरा किलोमीटरने मागे सरकत असते आणि हातातल्या कागदाचा कोपराही हलत नाही! हे ज्याने अनुभवले, त्याला गतीविषयीचे पुस्तकातले पान वेगळे समजावून द्यावे लागत नाही. बांधलेल्या फुग्यात नेमके हेच हरवते. तो वाऱ्याबरोबर जाऊ शकत नाही, म्हणून वारा त्याला धक्के देतो, टोपली हेलकावे खाते. धड्याच्या अगदी उलट अनुभव मुलाच्या गाठीशी येतो.

दुसरी गोष्ट उंचीची. बांधलेला फुगा तीसेक मीटर वर जातो. म्हणजे दहा मजले. खारघर, नेरूळ, घणसोली येथील कितीतरी मुले याहून उंचावर रोज झोपतात. तीस मीटरमध्ये तापमानात पडणारा फरक अंशाच्या एकतृतीयांशाएवढाही नसतो. साध्या तापमापीवर तो दिसणार नाही. मग वर जाऊन पाहायचे काय? बस, मैदान आणि खाली हात हलवणारे मित्र. ते छानच दिसते. पण ते पाहायला विज्ञानसहल कशाला हवी?

इथे काही शिक्षक म्हणतील, आणि आमच्याबरोबरच्या बाईंनी तसे म्हटलेही, की ‘मुलांना आनंद झाला, नवल वाटले, हे काय कमी आहे?’ कमी मुळीच नाही. आम्ही स्वतः पहिल्या फेरीत वर गेलो होतो आणि ज्योत पेटल्यावर डोक्यावर आलेली उष्णतेची लाट अजून आठवते. नवल ही विज्ञानाची पहिली पायरी आहे हे मान्य. मात्र त्या पायरीवरच उतरवून ठेवायचे असेल, तर पत्रकावर ‘सहल’ एवढेच लिहावे. ‘विज्ञान’ हा शब्द जोडल्याने पालक जास्त वर्गणी देतात आणि शाळेच्या अहवालात अनुभवाधारित शिक्षणाची एक ओळ वाढते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवातून शिकण्यावर भर दिला, हे चांगलेच झाले. पण नुसता अनुभव घडला म्हणजे शिकणे झाले असे त्यात कुठे म्हटले आहे?

प्रश्न घेऊन वर गेलेली माणसे

फुग्याच्या इतिहासाकडे पाहिले तर हा फरक चांगला स्पष्ट होतो. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पॅरिसमध्ये पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद ही दोन माणसे उष्ण हवेच्या फुग्यातून पंचवीसएक मिनिटे मुक्तपणे उडाली. तो पराक्रम होता. पुढे १६ सप्टेंबर १८०४ रोजी गे-ल्युसॅक हा तरुण रसायनशास्त्रज्ञ हायड्रोजनच्या फुग्यातून एकटाच सुमारे ७,००० मीटर उंचीवर गेला. त्याच्याजवळ रिकामी केलेली काचपात्रे होती. वरची हवा त्यांत भरून त्याने खाली आणली, तपासली आणि तिथेही ऑक्सिजनचे प्रमाण जमिनीवरच्याइतकेच आहे असे दाखवले. १९१२ च्या ऑगस्टमध्ये व्हिक्टर हेस पाच हजार मीटरांहून वर गेला तो किरणोत्सर्ग मोजणारी उपकरणे घेऊन. जमिनीपासून दूर गेल्यावर किरणोत्सर्ग कमी होईल अशी अपेक्षा होती, तो वाढला. विश्वकिरणांचा शोध असा लागला आणि १९३६ मध्ये हेसला नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगाचे घ्यावे. जानेवारी २००१ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांनी ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. इतक्या उंचावर सूक्ष्मजीव असतात का, हा प्रश्न होता. या फुग्यांत माणूस नव्हताच. होती ती निर्जंतुक केलेली नमुनापात्रे.

आणि उष्ण हवेच्याच फुग्याचे म्हणाल, तर २६ नोव्हेंबर २००५ रोजी विजयपत सिंघानिया हे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मुंबईहून निघून २१,०२७ मीटर उंचीवर पोहोचले आणि नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळ पंचाळे येथे उतरले. उष्ण हवेच्या फुग्याचा तो जागतिक विक्रम ठरला. वर्गात नुसता आकडा सांगून सोडू नये. त्यावर गणित द्यावे. त्या फुग्याचे घनफळ सुमारे १६ लाख घनफूट, म्हणजे ४५,००० घनमीटर होते. एवढा मोठा कशासाठी? २१ किलोमीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे एक-सोळांश उरते आणि बाहेरचे तापमान शून्याखाली ५५ अंशांच्या आसपास असते. आतली हवा तिथेही १०० अंशांची धरली, तर हा प्रचंड फुगा जेमतेम १,४०० किलो पेलतो. समुद्रसपाटीवर तोच साडेअकरा टन पेलला असता. हे गणित जो विद्यार्थी स्वतः करील, त्याला ही बातमी पुन्हा कधी विसरणार नाही.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. प्रश्न आधी, फुगा नंतर. आपल्या सहलीत फुगा आधी ठरतो आणि प्रश्न परतीच्या बसमध्ये सुचतो.

जोखमीविषयी

जोखमीविषयी थोडक्यात पण स्पष्ट लिहिणे भाग आहे. जानेवारी २०१२ मध्ये न्यूझीलंडमधील कार्टरटन येथे फुगा विजेच्या तारांना लागून ११ जण गेले. फेब्रुवारी २०१३ मध्ये इजिप्तमधील लक्सर येथे आग लागून १९ जणांचा मृत्यू झाला. जून २०२५ मध्ये ब्राझीलच्या दक्षिण भागात पेटलेल्या फुग्याने आठ बळी घेतले. म्हणून फुग्यात कोणी बसूच नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु तारा, आग आणि वारा हे तीन धोके कोणते हे शिक्षकाला ठाऊक असले पाहिजेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना चालकाकडे आहे का, विमा कोणाचा, वारा किती झाला की थांबायचे हे कोणी ठरवायचे, हे प्रश्न पत्रकावर मुख्याध्यापकांची सही होण्याआधी विचारावेत. आणि वारा वाढल्यावर चालक ‘नाही’ म्हणाला, तर ‘पैसे भरलेत हो’ असे शिक्षकांनी चुकूनही म्हणू नये. आमच्या सहलीत एकाने तसे म्हटले होते.

हे उड्डाण नवी मुंबईतच करता येईल का, असेही काही शिक्षक विचारतात. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर, मध्ये उच्चदाबाच्या वाहिन्या, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने ये-जा करू लागलेला विमानतळ. अशा जागी मुक्त उड्डाणाचा विचार न केलेला बरा. मुलांनी दिवाळीत उडते कंदील सोडावेत असेही कोणी सुचवू नये. आगीच्या आणि विमानांच्या धोक्यामुळे मुंबई पोलिसांनी त्यांवर वेळोवेळी बंदी घातली आहे.

नवी मुंबईत काय करता येईल?

मग टीका करून थांबायचे का? आम्हाला तसे वाटत नाही. सहलीनंतर महिन्याभराने आम्ही त्याच शाळेत गेलो आणि या खेपेला अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न मुलांबरोबर काम केले. त्यातले तीन प्रयोग इथे देतो.

पहिला, कागदी फुगा. पतंगाच्या पातळ कागदाच्या लांबट पाकळ्या कापून, खळीने चिकटवून मुलांनी दोन फुगे केले. एक अर्धा मीटर व्यासाचा, दुसरा एक मीटरचा. दोन्हींत खालच्या तोंडातून हेअर ड्रायरने गरम हवा भरली. ज्योत वापरली नाही आणि ती कोणी वापरू नये. खिडक्या आणि पंखे बंद ठेवले. छोटा फुगा उठला नाही. मोठा सभागृहाच्या छताला जाऊन टेकला. एका मुलाने लगेच विचारले, ‘सर, कागद तोच, हवा तीच, मग हा का नाही?’ उत्तर आम्ही दिले नाही; वजनकाटा दिला.

कागद चौरस मीटरला सुमारे २० ग्रॅम भरला. एक मीटर व्यासाच्या गोलाचे पृष्ठफळ ३.१४ चौरस मीटर, म्हणजे कागद ६३ ग्रॅम. घनफळ ०.५२ घनमीटर, आतली हवा सरासरी ७० अंश आणि बाहेरची २५ अंश धरली, तर हा फुगा सुमारे ८० ग्रॅम पेलतो. फुगा उडणार. अर्ध्या मीटरच्या गोलाला कागद लागतो चौथा हिस्सा, म्हणजे १६ ग्रॅम. पण घनफळ होते आठवा हिस्सा, म्हणून पेलतो फक्त १० ग्रॅम. फुगा उडणार नाही. पृष्ठफळ वर्गाने वाढते आणि घनफळ घनाने, हे वाक्य मुले परीक्षेसाठी पाठ करतात. त्या दिवशी ते त्यांच्या डोळ्यांसमोर जमिनीवर बसून राहिले होते!

दुसरा प्रयोग हवेचे वजन करण्याचा. यासाठी नवी मुंबईसारखे गाव नाही. काही मोबाइल फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा संवेदक असतो. असा एक फोन घेऊन वीस मजली इमारतीच्या तळाशी दाब नोंदवा, मग उद्वाहनाने वर जाऊन पुन्हा नोंदवा. साठ मीटर उंचीत दाब सुमारे ७ हेक्टोपास्कल, म्हणजे ७०० पास्कलने घटतो. या ७०० ला ६० ने आणि गुरुत्व त्वरणाच्या ९.८ ने भागा. उत्तर येते सुमारे १.२. ही एक घनमीटर हवेची किलोग्रॅममधील घनता! फुग्याच्या गणितात आपण जो आकडा पुस्तकातून घेतला होता, तो मुलांनी आपल्या इमारतीच्या उद्वाहनात मोजला. मग वर्गाची लांबी, रुंदी, उंची मोजून आतली हवा किती ते काढायला सांगा. आठ बाय सहा मीटरच्या, साडेतीन मीटर उंच वर्गात दोनशे किलो हवा असते, यावर सुरुवातीला कोणी विश्वास ठेवत नाही.

तिसरा प्रयोग नुसता पाहण्याचा. हिवाळ्यात सकाळी सात वाजता उंच गच्चीवरून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील धुराकडे पाहा. धूर थोडा वर जाऊन आडवा पसरतो, जणू त्यावर झाकण ठेवले आहे. अकरा वाजता पुन्हा पाहा. तो विखुरलेला दिसेल. रात्री जमीन थंड झाल्यामुळे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि वर चढायचे नाकारते. याला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. पहाटेची जी शांत हवा फुगेवाल्याला हवी असते, तीच शांत हवा आपल्या शहराचा धूर आपल्या नाकाशी धरून ठेवते. आमच्या मते फुग्याच्या निमित्ताने नवी मुंबईच्या मुलाला शिकवण्यासारखी याहून महत्त्वाची गोष्ट नाही. कारण ती त्याच्या श्वासाशी बांधलेली आहे.

तरीही जायचे असेल तर

या तिन्ही प्रयोगांना मिळून आलेला खर्च फुग्याच्या सहलीतील एका मुलाच्या वर्गणीपेक्षा कमी होता. मुख्य म्हणजे कोणी मागे राहिले नाही. पण हे सगळे केल्यावर फुगा प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा मुलांना अधिकच होते, असाही आमचा अनुभव आहे. शाळेने यंदा पुन्हा विचारले, तेव्हा आम्ही ‘जाऊ नका’ असे सांगितले नाही. एवढेच सांगितले, की फुगा पसरण्याच्या आधी सर्व मुले बसमधून खाली उतरलेली असावीत. थंड हवेने फुगलेला फुगा उठत नाही हे प्रत्येकाने पाहावे, त्याच्या कापडाला हात लावावा, व्यास पावलांनी मोजून घनफळ काढावे, बाहेरचे तापमान नोंदवावे आणि टोपलीत किती जण मावतील ते आधी वहीत लिहावे. मग चालकाला विचारावे. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर ते का जुळले नाहीत यावर परतीची सगळी वाट बोलता येईल.

वर जाण्याची पाळी कोणाला मिळेल आणि कोणाला नाही. वारा काही आपल्या हातात नसतो. पण खाली उभ्या राहिलेल्या मुलाच्या हातातही काम असेल, तर त्याची सहल वाया जाणार नाही. आणि वर्गणी एवढी ठेवावी, की वर्गातले सगळे येऊ शकतील. ते जमत नसेल, तर फुग्याचा नाद सोडून वर्गाने वीस मजली इमारतीचे उद्वाहन गाठावे.